विंडोज ७, १०, ११ आणि लिनक्स एकाच घरात : फाइल शेअरिंगचा काही महिन्यांचा अनुभव

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातील आमच्या घरात चार संगणक आहेत आणि चौघांची प्रणाली वेगवेगळी आहे. बाबांचा जुना डेस्कटॉप विंडोज ७ वर चालतो, दादाचा संगणक विंडोज ११ प्रोचा आहे, वहिनींच्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे आणि मी लिनक्स मिंट वापरतो. बाबांचा संगणक बदलणे शक्य नाही. गावच्या जत्रेत होणाऱ्या नाटकांच्या संहिता त्यांनी वर्षानुवर्षे युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप करून ठेवल्या आहेत, आणि हस्तलिखिते स्कॅन करायला ते जो स्कॅनर वापरतात त्याचा ड्रायव्हर विंडोज ७ च्या पुढे निघालाच नाही. या संहिता आणि स्कॅन घरातल्या सर्वांना उघडता याव्यात आणि त्यांची प्रत जुन्या डिस्कवर एकाकी पडून राहू नये, म्हणून शिगम्यानंतर (होळीच्या सुमारास येणाऱ्या सणानंतर) आम्ही घरगुती शेअरिंगची व्यवस्था उभी केली. पावसाळा आणि चवथ (गणेश चतुर्थी) या दोन्हींतून ती गेली असल्याने तिच्याविषयी आता खात्रीने लिहिता येईल.

‘शेअरिंग चालत नाही’ या एका तक्रारीत चार निरनिराळे बिघाड लपलेले असतात, आणि ते वेगळे केल्याशिवाय कोणतीही सेटिंग बदलू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. एक संगणक दुसऱ्यापर्यंत पोहोचतो का, तो विंडोजच्या ‘नेटवर्क’ यादीत दिसतो का, तो आपली ओळख मान्य करतो का आणि त्या फोल्डरची परवानगी आपल्याला आहे का, हे चार प्रश्न स्वतंत्र आहेत. यादीत न दिसणारा संगणक अनेकदा पत्ता टाकल्यावर लगेच उघडतो, आणि यादीत ठळक दिसणारा आत घेत नाही.

पोहोचण्याची अडचण आमच्याकडे भिंतींमुळे आली. घर जुने, भिंती चिऱ्याच्या आणि जाड. त्यामुळे पुढच्या खोलीतील राउटरचा वायफाय बाबांच्या खोलीपर्यंत नीट जात नव्हता. इंटरनेट जोडून देणाऱ्या माणसाने मागच्या खोलीत दुसरा राउटर बसवून दिला होता, पण केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून इंटरनेट घेण्याच्या खाचेत) घातली होती. त्यामुळे घरात दोन नेटवर्के तयार झाली : पुढे १९२.१६८.१ ने सुरू होणारे आयपी पत्ते (संगणकांचे नेटवर्कवरील क्रमांक) आणि मागे १९२.१६८.० ने सुरू होणारे. अशा रचनेत मागचा संगणक पुढच्यापर्यंत पोहोचतो, परंतु पुढचा मागच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि या एकतर्फी वागण्यामुळे दोष विंडोजच्या आवृत्तीचाच आहे असे वाटत राहते. दुसऱ्या राउटरची डीएचसीपी (संगणकांना पत्ते वाटणारी) सेवा बंद केली, त्याला पहिल्या राउटरच्या मालिकेतला मोकळा पत्ता दिला आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये (घरातले संगणक जोडण्याच्या खाचेत) घातली, तेव्हा सगळे एका नेटवर्कवर आले. म्हणून सर्वप्रथम प्रत्येक संगणकाचा आयपी पत्ता पाहावा. घरगुती राउटरवर त्याच्या ठिपक्यांनी विभागलेल्या चार भागांपैकी पहिले तीन सहसा सारखेच असायला हवेत.

दिसण्याच्या प्रश्नावर मात्र थांबून विचार करणे आवश्यक आहे, कारण सर्वांत धोकादायक सल्ला इथेच दिला जातो. फाइल शेअरिंगसाठी विंडोज एसएमबी ही पद्धत वापरते. तिची पहिली आवृत्ती फार जुनी आहे. व्हिस्टाबरोबर दुसरी आली, विंडोज ७ मध्ये २.१ आली आणि विंडोज ८ पासून तिसरी. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने पहिल्या आवृत्तीतील त्रुटीचा वापर करून जगभरातील संगणक बंद पाडले. त्या त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, पण ती अनेकांनी बसवलेली नव्हती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून नव्या स्थापनेत एसएमबी १ पूर्वीसारखे कायम चालू दिलेले नसते. जुनी ‘नेटवर्क’ यादी तयार करणारी कॉम्प्युटर ब्राउझर सेवा त्याच एसएमबी १ वर अवलंबून होती, म्हणून ते बंद होताच यादी रिकामी दिसू लागते आणि ‘एसएमबी १ पुन्हा चालू करा’ असे सांगणारे भेटतात.

हा सल्ला कृपया मानू नका. विंडोज ७ ला एसएमबी २.१ येते आणि ती विंडोज १० व ११ या दोघांनाही चालते. एसएमबी १ शिवाय अडते ते विंडोज एक्सपीचे आणि काही जुन्या उपकरणांचे. यादी हवीच असेल तर नव्या विंडोजमध्ये नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करावे, नेटवर्क डिस्कव्हरी (संगणकांनी एकमेकांना शोधण्याची सोय) चालू करावी आणि ‘फंक्शन डिस्कव्हरी’ने सुरू होणाऱ्या दोन सेवा स्वयंचलित ठेवाव्यात. आम्ही यादीचा नादच सोडला. राउटरमध्ये दादाच्या संगणकाला कायमचा पत्ता राखून दिला आणि बाबांच्या डेस्कटॉपवर त्या पत्त्याने तिथला सामाईक फोल्डर नेटवर्क ड्राइव्ह म्हणून, म्हणजे आपल्याच डिस्कसारखा दिसेल असा, जोडला. तेव्हापासून यादीत कोण दिसते आणि कोण नाही, याने कामात काहीच फरक पडलेला नाही. होमग्रुप (घरातल्या संगणकांचा शेअरिंगचा गट करण्याची विंडोजची सोय) शोधणाऱ्यांनीही वेळ घालवू नये. विंडोज ७ बरोबर आलेली ती सोय २०१८ मध्ये विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीत काढून टाकण्यात आली.

ओळखीच्या टप्प्यावर बहुतेक घरे अडतात. दादा संगणक चार आकडी पिनने उघडतो, पण तो पिन त्या एका यंत्रापुरताच असतो आणि नेटवर्कवरून चालत नाही. बाबांच्या खात्याला पासवर्डच नव्हता, आणि रिकाम्या पासवर्डचे खाते विंडोज मुळातच नेटवर्कवरून आत घेत नाही. यावर उपाय म्हणून ‘पासवर्ड-संरक्षित शेअरिंग’ बंद करून पाहुणा खात्याने जाण्याची युक्ती सांगितली जाते. परंतु विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत एसएमबी जोडणीवर सही (संदेश खऱ्या संगणकाकडूनच आला आहे याची डिजिटल खूण) सक्तीची झाली आहे आणि पाहुणा म्हणून केलेल्या जोडणीवर सही होऊच शकत नाही, त्यामुळे ती युक्ती तिथे निकामी ठरते. आम्ही दादाच्या संगणकावर केवळ शेअरिंगसाठी एक साधे स्थानिक खाते उघडले, त्याला लांब पासवर्ड दिला आणि तोच इतर तिन्ही संगणकांत एकदा नोंदवून ठेवला. एवढ्या एका बदलाने जितका त्रास कमी झाला, तितका दुसऱ्या कशानेही झाला नाही. आधीचा चुकीचा पासवर्ड विंडोजने जपून ठेवलेला असेल, तर क्रेडेन्शियल मॅनेजरमधून (विंडोजच्या साठवलेल्या पासवर्डांच्या यादीतून) ती नोंद आधी काढून टाकावी लागते.

परवानग्या दोन ठिकाणी असतात, शेअरिंगच्या पानावर आणि सिक्युरिटीच्या पानावर, आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींपैकी जी कडक असेल ती लागू होते. लिनक्सवरून दादाचा फोल्डर उघडायला मला काहीच अडचण आली नाही. माझा फोल्डर इतरांना देताना मात्र सांबाचा (लिनक्सवरून एसएमबी शेअरिंग करणाऱ्या प्रोग्रामचा) पासवर्ड वेगळा ठरवावा लागला, कारण तो लॉगिनच्या पासवर्डपासून स्वतंत्र असतो.

दिशेविषयी एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. सामाईक फोल्डर आम्ही नव्या संगणकावर ठेवला आहे आणि जुना संगणक तिथे जाऊन फाइल आणतो व ठेवतो. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षेचे नियमित अपडेट मिळत नाहीत. म्हणून त्याच्यावर एकही फोल्डर शेअर केलेला नाही आणि राउटरमधून त्याचे इंटरनेटही बंद केले आहे. बाबांना त्याची उणीव भासत नाही. स्कॅन केलेले पान थेट नेटवर्क ड्राइव्हवर जाते आणि दादा ते आपल्याकडे लगेच उघडतो.

पावसाळ्यात वीज वारंवार जायची. ती परत आली की संगणक राउटरच्या आधी सुरू होतो आणि ड्राइव्ह जोडता आला नाही अशी सूचना येते. ड्राइव्हवर दोनदा क्लिक केल्यावर तो उघडतो, त्यामुळे ती सूचना मनावर घेण्याचे कारण नाही. दादाचा संगणक झोपी गेल्यावर सर्वांचे काम थांबायचे, म्हणून त्याची स्लीपची वेळ काढून टाकली. बाबांच्या खोलीपर्यंत केबल नेली आहे, तरी त्यांच्या जुन्या यंत्राचा पोर्ट १०० मेगाबिटचा असल्याने वेग सेकंदाला साधारण ११ मेगाबाइटच्या वर जात नाही. संहिता आणि स्कॅनसाठी तो भरपूर आहे, व्हिडिओसाठी मात्र तोकडा पडतो. चवथीला आलेल्या नातेवाइकांना गेस्ट वायफाय दिला. त्यावरून घरातले संगणक दिसत नाहीत, आणि तसेच असायला हवे.

एक उणीव अजून उरली आहे. नेटवर्क ड्राइव्हवरून पुसलेली फाइल रीसायकल बिनमध्ये न जाता थेट नष्ट होते, आणि एका संहितेचा एक अंक आम्ही अशा प्रकारे जवळजवळ गमावला होता. आता दादाच्या संगणकावरून रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर प्रत घेतली जाते आणि जुन्या प्रती पुसल्या जात नाहीत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे वहिनींचा लॅपटॉप ११ वर नेणे हे पुढचे काम आहे. शेअरिंगच्या खात्याचा पासवर्ड त्यात पुन्हा नोंदवण्यापलीकडे या व्यवस्थेत काही बदलावे लागेल असे वाटत नाही.