पुणे की मुंबई? दोन्हीकडे राहून झाल्यावर सांगतो

सध्या गावाकडच्या ओळखीतली दोन-तीन पोरं हाच प्रश्न घेऊन बसलीयेत. कुणाकडे दोन्हीकडच्या ऑफर आहेत, कुणाला कंपनीने लोकेशन निवडा म्हणून फॉर्म दिलाय, आणि घरचे एका आवाजात म्हणतायत पुणं घे, जवळ आहे. मी बार्शीचा. पहिली नोकरी हिंजवडीत, राहायला वाकड, आणि आता ऑफिस अंधेरीला चकाल्याजवळ आणि घर डोंबिवली पूर्वेला. काम दोन्हीकडे बँकांच्या सॉफ्टवेअरचंच, त्यामुळे तुलना करताना निदान नोकरी बदलली म्हणून शहर आवडलं असं माझ्या बाबतीत झालेलं नाही.

आधी क्षेत्राचं बोलून घेऊ, कारण काही जणांचा निर्णय तिथेच संपतो. मेकॅनिकल, ऑटोमोबाईल, प्रॉडक्शन असेल तर चाकण, तळेगाव, रांजणगाव सोडून मुंबईला यायचं कारण मला तरी दिसत नाही. उलट फायनान्स, जाहिरात, मीडिया, शिपिंग, नाटक-सिनेमा यातलं काही डोक्यात असेल तर पुण्यात राहून मुंबईच्या चकरा मारत बसाल. खरा गोंधळ असतो तो आयटी, एचआर, सीए, सेल्स अशा लोकांचा, ज्यांना काम दोन्हीकडे मिळतं. पुढचं सगळं त्यांच्यासाठीच आहे.

घरभाड्याबद्दल सगळे म्हणतात मुंबई परवडत नाही, आणि अंधेरी, पवई, दादर बघितलं तर खरंच नाही परवडत. पण पहिल्या पाच-सात वर्षांत नोकरदार मुंबईत राहतोच कुठे, तो ठाण्याच्या पुढे राहतो, नाहीतर वसई-विरारला नाहीतर नवी मुंबईत. मला वाकडला तिघांत घेतलेल्या टू बीएचकेचा जो हिस्सा पडायचा, त्यात थोडेच पैसे घालून डोंबिवलीत जुन्या बिल्डिंगमध्ये एकट्याला वन आरके मिळाला. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, जिन्यात प्रकाश कमी, हे आहेच. वाकडला जिम होती, क्लबहाऊस होतं, पार्किंग होतं, आणि उन्हाळ्यात टँकर पण होता. पाण्याचं मात्र पुण्यात घर घेताना नक्की विचारा. बाणेर, बालेवाडी, वाघोली या बाजूला चांगल्या चांगल्या सोसायट्या टँकरवर चालतात आणि तो खर्च मेंटेनन्समधून म्हणजे शेवटी तुमच्याच खिशातून जातो. बॅचलर चालणार नाही हे वाक्य दोन्ही शहरांत सारखंच ऐकायला मिळतं, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट आणि एजंटचं ब्रोकरेजही दोन्हीकडे आहेच. डिपॉझिट मला मुंबईच्या बाजूला थोडं जास्त मागितलं गेलं, तेवढी तयारी ठेवा.

आता मुद्द्याचं. माझ्या बाबतीत निर्णय झाला तो जाण्यायेण्यावर, आणि त्यातही अंतरावर किंवा गर्दीवर नाही, तर पोचायला किती वेळ लागेल हे कधीच सांगता न येण्यावर.

वाकडहून हिंजवडी फेज थ्री म्हणजे आठ-नऊ किलोमीटर. सकाळी लवकर निघालं तर बाईकवर वीस-पंचवीस मिनिटं. तोच रस्ता संध्याकाळी साडेसहाला दीड तास खातो, आणि कधी खाईल कधी नाही याला काही नियम नाही. भूमकर चौकात हायवेखालून निघायला थांबलोय, पुढे कंपन्यांच्या बस, बाजूला सिमेंटचा मिक्सर, सिग्नल तीनदा हिरवा होऊन गेला तरी आपण तिथेच, पाय जमिनीवर टेकवून टेकवून बाईक इंच-इंच पुढे ढकलतोय, हेल्मेटमध्ये घाम, आणि पाऊस असेल तर खड्डा कुठे आणि रस्ता कुठे ते पाण्याखाली दिसत नाही. हे अधूनमधून नाही, हे रोजचं. ऑफिसात चार वाजल्यापासून लोक मॅप उघडून लाल रेघ बघत बसायचे, कुणी साडेचारलाच पळायचं, कुणी मुद्दाम साडेआठपर्यंत थांबायचं. मी थांबणाऱ्यांतला. त्यामुळे काम नसतानाही ऑफिसातच जेवण, ऑफिसातच चहा, आणि घरी फक्त झोपायला.

लोक म्हणतील ऑफिसजवळ राहायचं ना. ते करूनही बघितलं, फेज वनला. तर मग डेक्कनला मित्राकडे जायचं म्हणलं की तोच रस्ता आणि वर विद्यापीठ चौक. तिथला पूल 2020 मध्ये पाडला, मेट्रोचं काम सुरू झालं, आणि त्या चौकात किती वेळ जाईल हे कुणीच सांगू शकायचं नाही. बालगंधर्वला संध्याकाळचं नाटक बघायचं तर दुपारीच निघावं लागायचं. हळूहळू मी जाणंच बंद केलं. पुण्यात राहून पुण्याचं काही अनुभवायचं नाही, हा त्रास मला भाड्यापेक्षा मोठा वाटला. आणि स्वतःची गाडी नसेल तर विषयच नाही, पीएमपीच्या बसची वाट बघताना शेवटी माणूस ॲपवरून रिक्षा बोलावतोच.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. पुण्याची मेट्रो आता पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी अशी धावते. तुमचं ऑफिस शिवाजीनगर, बंडगार्डन, कल्याणीनगर या बाजूला असेल आणि घर या लाईनवर मिळालं, तर मी वर लिहिलेला त्रास तुम्हाला बहुतेक होणार नाही. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर ही तिसरी लाईन साधारण तेवीस किलोमीटरची, तिचे खांब मी तिथे असतानाच उभे राहत होते. ती नीट भरवशाने धावायला लागली की हिंजवडीबद्दलचं माझं मत मीच बदलेन.

आता लोकल. डोंबिवली ते घाटकोपर फास्ट, तिथून पूल चढून मेट्रो वन, चकाल्याला उतरायचं. घरापासून डेस्कपर्यंत सव्वा ते दीड तास. म्हणजे कागदावर बघितलं तर वेळ पुण्यापेक्षा कमी नाही, उलट चांगल्या दिवसांशी तुलना केली तर जास्तच आहे. पण तो जवळपास रोज तेवढाच असतो. संध्याकाळी घरी किती वाजता पोचणार हे मी सकाळी सांगू शकतो. एवढ्या एका गोष्टीवर मी क्लास लावला, आठवड्यातले दोन दिवस नाटकाच्या ग्रुपबरोबर तालमी सुरू केल्या, आणि आईला रोज ठरलेल्या वेळी फोन करतो. पुण्यात यातलं काहीच टिकलं नव्हतं.

गर्दी भयंकर आहे, ते कमी करून सांगणार नाही. पहिले काही आठवडे अंग दुखतं. मग माणूस शिकतो, डोंबिवलीवरूनच सुटणारी गाडी कुठली, आपला डबा प्लॅटफॉर्मवर कुठल्या खांबासमोर येतो, घाटकोपरला दार कुठल्या बाजूला येणार आणि त्यासाठी कधीपासून पुढे सरकायला लागायचं. तिघांच्या बाकड्यावर चौथी सीट मिळते, म्हणजे अर्धं अंग बाकावर आणि अर्धं पॅसेजमध्ये, पण समोरचे काका न सांगता सरकतात आणि बॅग वरच्या रॅकवर हातोहात जाते. मला त्या गर्दीत कधी एकटं वाटलं नाही. तरी दारात लटकू नका. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि काही जण जिवानिशी गेले, आणि आमच्या लाईनवरच्या प्रत्येकाला माहितीये की त्या जागी कुणीही असू शकलं असतं. एक गाडी सोडा, पुढची पकडा. जमत असेल तर फर्स्ट क्लासचा किंवा एसीचा पास काढा, तो खर्च मी तरी चैन मानत नाही. आणि पावसाळ्यात वर्षातले काही दिवस रुळावर पाणी येतं, सगळं ठप्प होतं, त्या दिवशी घरातच थांबावं.

मुलींच्या बाबतीत माझ्यापेक्षा माझ्या बहिणीचं मत महत्त्वाचं. ती आधी कोथरूडला होती, आता ठाण्यात. ती म्हणते रात्री साडेदहाला लेडीज डब्यातून येताना तिला जेवढं निर्धास्त वाटतं तेवढं पुण्यात एकटीने स्कूटीवरून येताना वाटायचं नाही, कारण डब्यात आणि स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या लाईनीत त्या वेळीही माणसं असतात. प्रत्येकीचा अनुभव वेगळा असेल, पण घरचे नेमकं उलटं गृहीत धरतात म्हणून लिहिलं.

हवा पुण्याची चांगली, यात वाद नाही. मुंबईत ऑक्टोबर आणि मे या दोन महिन्यांत शर्ट ऑफिसला पोचेपर्यंत भिजलेला असतो. जेवणाचं म्हणाल तर पुण्यातल्या पेठांमध्ये मेस स्वस्त आणि घरगुती, पण वाकड-हिंजवडीकडे ते सुख फार नाही. डोंबिवलीत दर दुसऱ्या गल्लीत पोळीभाजी केंद्र आहे, स्टेशनवरून घरी जाताना गरम पोळ्या आणि उसळ घ्यायची, संपलं.

गाव कुठलं यावरही बरंच ठरतं. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूरवाल्यांना शनिवार-रविवार घरी जाऊन यायचं असेल तर पुणंच बरं, मलाही बार्शी तिथून जवळ होती आणि ती गोष्ट मला अजून लागते. कोकणातल्यांना आणि खानदेश-नाशिकवाल्यांना मात्र मुंबईच्या बाजूने रेल्वे सोयीची पडते. आईवडिलांची तब्येत नाजूक असेल, महिन्यातून दोनदा जावंच लागत असेल, तर माझं बाकीचं सगळं बाजूला ठेवा आणि जवळचं शहर घ्या. लग्न ठरलेलं असेल, लवकर स्वतःचं घर घ्यायचं असेल, आणि घरापासून काम चालत जाण्याइतकं जवळ असेल, तरीही पुण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं.

पण विशी-पंचविशीत एकटे असाल, स्वतःची गाडी नसेल आणि ऑफिस सुटल्यावर आणखी काही करायची इच्छा असेल, तर मी मुंबईच्या बाजूने आहे, आणि हे मी पुण्यात मन लावून राहून बघितल्यावर म्हणतोय.

डिपॉझिट भरायच्या आधी एक काम करा. पुणं बघत असाल तर ज्या सोसायटीत घर बघताय तिथून ऑफिसच्या गेटपर्यंत कामाच्या दिवशी संध्याकाळी सहा-सातच्या मध्ये एकदा स्वतः जाऊन या, रविवारी घर दाखवणाऱ्या एजंटच्या दहा मिनिटांवर विश्वास ठेवू नका. मुंबई बघत असाल तर ऑफिस कुठल्या लाईनवर आहे ते आधी बघा, सेंट्रल, वेस्टर्न की हार्बर, आणि घर शक्यतो त्याच लाईनवर, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांच्या आत शोधा, खोली थोडी लहान मिळाली तरी चालेल. सकाळी आठच्या सुमाराला त्या स्टेशनच्या पुलावर अर्धा तास उभे राहा. ती गर्दी बघून पोटात गोळा आला तरी एखाद्या गाडीत चढून ऑफिसपर्यंत जाऊन या आणि मग ठरवा.