बातमीतला पुरावा आणि आदेशातला पुरावा : ई-कोर्ट्स सेवेचे परीक्षण

एखाद्या नामवंत व्यक्तीने अमली पदार्थ घेतल्याची बातमी आली की पहिल्या दोन दिवसांतच वाचकाचे मत पक्के होऊन जाते, आणि ज्या आधारावर ते पक्के होते तो आधार बहुतेक वेळा ‘सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार’ एवढ्यावरच उभा असतो. तो आधार तपासून पाहण्यासाठी सामान्य वाचकाच्या हाती आज एक सरकारी सेवा आहे : ई-कोर्ट्सचे संकेतस्थळ व मोबाइल ॲप, आणि त्याच्या जोडीला मुंबई उच्च न्यायालयाचे स्वतःचे संकेतस्थळ. वकील मंडळी पुढची तारीख पाहायला ही सेवा रोज वापरतात. मी तिचे परीक्षण बातम्यांचा वाचक म्हणून करतो आहे, आणि प्रश्न एकच ठेवला आहे : गाजलेल्या प्रकरणात बातमीतले कोणते विधान टिकते आणि कोणते टिकत नाही, हे या सेवेवरून कळू शकते का?

सेवा निःशुल्क आहे आणि त्यासाठी नावनोंदणी करावी लागत नाही. जिल्हा व सत्र न्यायालयांतील प्रत्येक प्रकरणाला 16 अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असतो. तो ठाऊक नसेल तर पक्षकाराचे नाव आणि वर्ष यांवरूनही शोध घेता येतो. उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर आधी पीठ (बेंच) निवडायचे, मग दिवाणी की फौजदारी, मग प्रकरणाचा प्रकार. येथे नवख्या माणसाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. दाखल होताना अर्जाला स्टँप क्रमांक मिळतो आणि नोंदणी झाल्यावर वेगळा क्रमांक मिळतो, त्यामुळे रकान्यात चुकीचा पर्याय निवडला तर प्रकरण अस्तित्वातच नसल्यासारखे वाटते. अभिनेत्री रिया चक्रवर्ती यांचा अमली पदार्थ प्रकरणातील 2020 मधील जामीन अर्ज स्टँप क्रमांकानेच ओळखला जातो.

कसोटीसाठी मी मुख्यतः 2021 सालचे क्रूझ प्रकरण घेतले. 2 ऑक्टोबर 2021 रोजी अमली पदार्थ नियंत्रण विभागाने, म्हणजे एनसीबीने, मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या प्रवासी जहाजासंदर्भात कारवाई केली आणि दुसऱ्या दिवशी अभिनेते शाहरुख खान यांचे पुत्र आर्यन खान यांना अटक झाली. त्या आठवड्यात जप्तीचा एकत्रित आकडा सगळीकडे झळकत होता : 13 ग्रॅम कोकेन, 5 ग्रॅम मेफेड्रोन, 21 ग्रॅम चरस, एक्स्टसीच्या 22 गोळ्या आणि 1 लाख 33 हजार रुपये रोख. हा आकडा खोटा नव्हता. तो एनसीबीनेच दिलेला होता. परंतु एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यात ‘कोणाकडे किती सापडले’ यावर बरेच काही ठरते, आणि नेमकी तीच फोड मथळ्यांत हरवली होती. आदेश उघडला की ती फोड मिळते. आर्यन यांच्याकडे काहीही सापडले नाही. त्यांच्या मित्राकडे 6 ग्रॅम चरस मिळाल्याचा आणि आणखी एका सहआरोपीकडे 5 ग्रॅम मिळाल्याचा फिर्यादी पक्षाचा दावा होता. चरसाच्या बाबतीत कायद्याने 100 ग्रॅमपर्यंतचे प्रमाण अल्प मानले आहे आणि व्यापारी प्रमाण एक किलोपासून सुरू होते, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे सहा ग्रॅमचे वजन ध्यानात येते.

या सेवेचे खरे मोल मला दोन आदेश एकापाठोपाठ वाचताना जाणवले. विशेष न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2021 रोजी जामीन फेटाळला. मित्राच्या बुटात चरस असल्याची आर्यन यांना कल्पना होती, म्हणून तो जाणीवपूर्वक ताबा ठरतो, आणि व्हॉट्सॲपवरील संभाषणांतून प्रथमदर्शनी विक्रेत्यांशी संबंध दिसतो, असे त्या आदेशाचे म्हणणे होते. त्यानंतर आठच दिवसांनी, 28 ऑक्टोबरला, उच्च न्यायालयात न्यायमूर्ती नितीन सांबरे यांनी जामीन दिला. कटाचा निष्कर्ष काढावा असे आक्षेपार्ह काही त्या संभाषणांत आढळत नाही, असे त्यांच्या सविस्तर आदेशात म्हटले आहे. संभाषणे तीच आणि आरोपीही तेच, पण निष्कर्ष उलटे. बातम्यांत मात्र ही संभाषणे सुरुवातीपासून निर्विवाद पुरावा म्हणून वाचून दाखवली जात होती. दोन न्यायाधीशांना ज्यातून भिन्न अर्थ लागतो, त्याचा एकच अर्थ प्रेक्षकाच्या गळी उतरवण्याचा अधिकार निवेदकाला कोणी दिला, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. मोबाइलमधील मजकुराला न्यायालयात उभे राहण्यासाठी कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र लागते, ही बाबही येथे विसरता येत नाही. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर व कैलास गोरंट्याल यांच्यातील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2020 मध्ये ते बंधन स्पष्ट केले होते. पडद्यावर झळकणाऱ्या स्क्रीनशॉटला असले कोणतेही प्रमाणपत्र जोडलेले नसते.

‘चौकशीत कबुली दिली’ ही बातमी सर्वांत घातक, कारण तिच्यानंतर वाचक पुढचे काही ऐकूनच घेत नाही. तोफान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 29 ऑक्टोबर 2020 रोजी निर्णय दिला की एनडीपीएस कायद्याच्या कलम 67 खाली अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. क्रूझ प्रकरण त्याच्या सुमारे वर्षभरानंतरचे आहे, आणि न्यायमूर्ती सांबरे यांनी त्याच निर्णयाच्या आधारे त्यातील आरोपींचे कबुलीजबाब बाजूला ठेवले. म्हणजे ज्या दिवशी कबुलीची बातमी छापली जात होती, त्या दिवशीही कायद्याच्या लेखी तिचे मोल काय हे ठरलेले होते. कोणाही वार्ताहराला ते पाहता आले असते.

आदेशातील एका छोट्या नोंदीपाशी मी बराच वेळ थांबलो. त्या वेळी आरोपींनी अमली पदार्थाचे सेवन केले होते का, हे ठरवण्यासाठी त्यांची वैद्यकीय तपासणीच झालेली नव्हती, असे उच्च न्यायालयाने नोंदवले आहे. सेवनाची चर्चा देशभर चालली होती आणि सेवन सिद्ध करू शकणारी चाचणीच झालेली नव्हती! अशी चाचणी झाली असती तरी तिचा अर्थ जपूनच लावावा लागतो. क्वचित गांजा-चरस ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अंश साधारण तीन दिवस सापडतात, तर नियमित ओढणाऱ्याच्या बाबतीत ते कित्येक आठवडे राहू शकतात. म्हणून चाचणी होकारार्थी आली तरी सेवन नेमके कधी झाले हे तिच्यावरून सांगता येत नाही. शिवाय प्राथमिक चाचणीत चुकीचा होकार येण्याची शक्यता असते, त्यामुळे प्रयोगशाळेत अधिक अचूक पद्धतीने खात्री करून घ्यावी लागते. ‘चाचणी पॉझिटिव्ह’ या मथळ्याखाली ती प्राथमिक होती की खात्रीची, हे लिहिलेले मला तरी फारसे आढळत नाही.

अखेरीस एनसीबीच्या विशेष तपास पथकाने 27 मे 2022 रोजी 14 जणांविरुद्ध दोषारोपपत्र दाखल केले. आर्यन खान यांच्यासह सहा जणांविरुद्ध पुरेशा पुराव्याअभावी ते दाखल केले नाही. ज्याने उच्च न्यायालयाचा आदेश वाचला होता, त्याला या बातमीचे फारसे आश्चर्य वाटले नसेल.

रिया चक्रवर्ती यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती सारंग कोतवाल यांचा 7 ऑक्टोबर 2020 चा आदेश वेगळ्या कारणासाठी वाचनीय आहे. वाहिन्यांवर टोळी आणि जाळे हे शब्द फिरत होते. आदेशात मात्र रिया विक्रेत्यांच्या साखळीचा भाग नसल्याचे म्हटले आहे, आणि दुसऱ्याच्या सेवनासाठी पैसे देणे म्हणजे अवैध व्यापाराला अर्थपुरवठा करणे नव्हे, असा कलम 27-अ चा अर्थ लावला आहे. त्याच आदेशात या कायद्याखालील गुन्हे अजामीनपात्र असल्याचेही सांगितले आहे, म्हणजे अर्जदाराचा प्रत्येक मुद्दा मान्य झालेला नाही. अशा बारकाव्यांसाठी मूळ आदेशच वाचावा लागतो. याच संकेतस्थळावर तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता व न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांचा 18 जानेवारी 2021 चा माध्यम-खटल्याविषयीचा (मीडिया ट्रायल) निकालही शोधावा. पोलिसांसमोरच्या कथित कबुलीला, पुरावा कायद्याची बाजू न सांगता, ग्राह्य पुरावा म्हणून लोकांपुढे मांडू नये, असे त्यात स्पष्ट बजावले आहे.

आता सेवेच्या मर्यादा. पहिली मर्यादा वेळेची : जामीन 28 ऑक्टोबरला मिळाला आणि कारणांसहित आदेश 20 नोव्हेंबरला सर्वांसमोर आला, आणि मधल्या तीन आठवड्यांत मैदान पूर्णपणे सूत्रांच्या ताब्यात राहिले. दुसरी मर्यादा कागदांची. येथे आदेश मिळतात. पंचनामा, साक्षीदारांचे जबाब किंवा दोषारोपपत्र मिळत नाही. दोषारोपपत्र संकेतस्थळावर टाकण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये नाकारली, आणि आरोपी व साक्षीदार यांच्या हिताचा विचार करता ते मला पटते; परंतु त्यामुळे वाचकाला पुरावा न्यायाधीशांच्या सारांशातूनच पाहावा लागतो. तिसरी मर्यादा भाषेची आहे आणि मराठी वाचकाला तीच सर्वाधिक जाचते. उच्च न्यायालयाचे आदेश इंग्रजीत असतात आणि त्यांची वाक्ये कायद्याच्या कलमांनी जड झालेली असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निकालांचे मराठी भाषांतर आता उपलब्ध होते, तशी सोय गाजलेल्या जामीन आदेशांसाठी तातडीने व्हावी, असे मला मनापासून वाटते. आणखी एक सावधगिरी म्हणजे जामिनाचा आदेश प्रथमदर्शनी मतच असतो. त्यावरून कोणी निर्दोष ठरत नाही, जसे जामीन फेटाळल्याने कोणी दोषी ठरत नाही.

माझ्या लेखी ही सेवा वापरावी अशीच आहे, विशेषतः ज्यांना एखाद्या कलाकाराविषयी, खेळाडूविषयी किंवा नेत्याविषयी चारचौघांत ठामपणे बोलायचे आहे त्यांनी. सुरुवात 14 पानांच्या क्रूझ प्रकरणातील जामीन आदेशाने करावी. तो एका बैठकीत वाचून होतो. सध्या चालू असलेल्या प्रकरणाचा सीएनआर क्रमांक मिळाला तर तो ॲपमधील ‘माय केसेस’ विभागात जतन करून ठेवावा, म्हणजे पुढची तारीख आणि अपलोड झालेले आदेश तेथून थेट पाहता येतात.