जीटी-१ घेऊ की नको यात घालवलेले सहा महिने

बॉस कंपनीचा जीटी-१, म्हणजे गिटारचे बरेच इफेक्ट एकाच डब्यात देणारा पेडल, घेऊ की एकेक इफेक्टचे साधे दोन-तीन पेडल घेऊ यावर मी सहा महिने नुसता काथ्याकूट केला आणि शेवटी सेकंडहँड, साडेदहा हजाराला घेतला. दीड वर्ष झालं. मॉडेल २०१६ चं आहे म्हणजे तसं जुनंच, पण लोक अजून विचारतात म्हणून लिहितोय.

दुकानातल्या डेमोवर जाऊ नका राव. तिथे पहिले चार-पाच प्रीसेट (कंपनीने आधीच लावून दिलेले आवाज) रिव्हर्ब आणि डिलेने, म्हणजे घुमण्याने आणि प्रतिध्वनीने, असे थबथबलेले असतात की साधी ई मायनर कॉर्ड मारली तरी आपण लय भारी वाजवतो असं वाटतं. मी घरी आणून दहा वॅटच्या प्रॅक्टिस अँपला लावला तर आवाज कसा, डब्यात मधमाश्या कोंडल्यासारखा. म्हटलं गेले पैसे, विकणाऱ्या पोराने बिघडलेला पीस गळ्यात मारला. त्याला फोन लावणारच होतो तेवढ्यात सिस्टिमच्या मेन्यूत आउटपुट सिलेक्ट दिसलं. पुढे हेडफोन आहे, मिक्सर आहे की अँप, हे तिथे सांगावं लागतं, आणि ते होतं लाइन-हेडफोनवर, म्हणजे पेडल आधीच स्पीकरची नक्कल करतंय आणि वर माझा खरा स्पीकर, मग चिखल होणारच ना! ते अँपवर केलं, अँपचा गेन (आवाज फाटवणारी खुंटी) खाली आणला, आणि माश्या उडाल्या.

आता हा कुणासाठी आहे, तर जो माझ्यासारखा हळदीच्या ऑर्केस्ट्रात आणि गणपतीत वाजवतो त्याच्यासाठी. तिथे गिटारला अँप कुठला, साउंडवाला एक वायर पुढे करतो, "दादा लाइन द्या", बस. साधी गिटार थेट मिक्सरला लावली तर आवाज पत्र्यासारखा येतो, हा लावला की निदान मागे अँप असल्यासारखा वाटतो. बॅटरीसकट सव्वा किलोच्या आसपास वजन, सॅकमध्ये मावतो, ट्यूनर आतच आहे. यूएसबीने लॅपटॉपला लावून रेकॉर्डिंगही होतं, गिटार लॅपटॉपला जोडायच्या वेगळ्या डब्याचा, ऑडिओ इंटरफेसचा, खर्च वाचला. झूम कंपनीचा जी१ फोर हा असाच पेडल स्वस्त पडतो पण त्यात यूएसबीवरून रेकॉर्डिंग नाही, मला ते हवं होतं म्हणून तो बाद.

त्रासही आहे. खाली पायाने दाबायचे बटण मोजून तीन. पॅच, म्हणजे आपण जुळवलेले आवाज, ९९ साठवता येतात, मी वापरतो सहा, ते गाण्यांच्या क्रमाने लावून ठेवायचे आणि गायकाने ऐनवेळी क्रम बदलला की टक टक टक करत शोधत बसायचं. पॅच बदलताना आवाजात बारीकसा खड्डा पडतो, घरी कळतो, ढोलकी चालू असताना कुणाला कळत नाही. वाह, म्हणजे 'वाँव-वाँव' करणारा इफेक्ट, चालू करायला बाजूच्या हलत्या पेडलचं पुढचं टोक पायाच्या बोटांनी जोरात दाबावं लागतं, बूट असेल तर ठीक, पण मांडवात आपण अनवाणी, दोन गाण्यांत अंगठा दुखतो. आणि डिस्टॉर्शन... मित्राचं बॉसचंच पिवळं एसडी-१ आहे, आवाज फाटवणारं एकच काम करणारं पेडल, ट्यूब अँपला (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या) लावलं की त्याच्यात जो जीव येतो तो ह्यात नाही. फक्त घरी, एकाच चांगल्या अँपवर वाजवणार असाल तर सरळ ते घ्या, वर एखादा डिले, आणि ह्या भानगडीत पडू नका.

पॉवरचंही बघा. चार एए सेल लागतात, आणि सेलवर असताना इनपुटला केबल खुपसली की हा चालू होतो, वेगळं बटणच नाही. मी एकदा केबल तशीच ठेवून झोपलो, दुसऱ्या दिवशी आरतीनंतर कार्यक्रम आणि हा ठार, मग मांडवातल्या घड्याळाचे आणि रिमोटचे सेल काढून वेळ मारून नेली. यूएसबीवर चालत नाही. अडॅप्टर डब्यात येतच नाही, वेगळा घ्यावा लागतो, नऊ व्होल्ट, सेंटर निगेटिव्ह, म्हणजे पिनच्या आत मायनस. घरात यामाहाचा कीबोर्ड असेल तर त्याचा अडॅप्टर लांब ठेवा, तो बारा व्होल्टचा आणि उलट्या पोलॅरिटीचा. पुतण्या तोच खुपसायला निघाला होता, मी जेवणावरून उष्ट्या हाताने उठून पळालो.