ग्राउंड स्प्रिंग: प्रोबच्या पुडीत पडून राहणारा कामाचा तुकडा

स्कोपच्या (ऑसिलोस्कोप, व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) प्रोबसोबत, म्हणजे सर्किटला टेकवायच्या वायरसोबत, एक छोटी पुडी येते. हुक आणि मगर-क्लिपची ग्राउंड वायर बहुतेक जण लगेच जोडतात, रंगीत रिंगा आणि ग्राउंड स्प्रिंग (टोकाजवळच ग्राउंड जोडणारी आखूड स्प्रिंग) ड्रॉवरमध्ये जाते. एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) दुरुस्तीत गेले कित्येक महिने मी ती स्प्रिंगच जास्त वापरतोय.

बक कन्व्हर्टरच्या (व्होल्टेज कमी करणाऱ्या स्विचिंग सर्किटच्या) ५ व्होल्ट आउटपुटवर क्लिप लावून बघितलं, तर प्रत्येक स्विचिंगला दोनशे मिलिव्होल्टच्या आसपास काटे (क्षणिक उसळ्या). हुक उपसला, टोक कपॅसिटरच्या पॉझिटिव्हवर आणि स्प्रिंग त्याच कपॅसिटरच्या निगेटिव्हवर टेकवली, की उरतात तीसेक. बोर्ड तोच, कपॅसिटर तोच. शंका असेल तर प्रोबचं टोक त्याच्याच क्लिपला लावा आणि क्लिपच्या वायरचं ते वेटोळं कॉइलजवळ न्या. काहीही मोजत नसताना स्क्रीनवर काटे येतात! हे काटे कपॅसिटरचे समजून चांगले कपॅसिटर असेच बदलले जात असणार.

१५ सेंटीमीटर वायरचं इंडक्टन्स ढोबळ हिशेबाने १५० नॅनोहेन्री. प्रोबच्या टोकाचं कपॅसिटन्स १२ पिकोफॅरड धरलं तर दोघांचा रेझोनन्स (स्वतःहून डोलण्याची फ्रिक्वेन्सी) १२० मेगाहर्ट्झच्या घरात येतो. म्हणजे सिग्नलच्या वेगवान कडेवर दिसणारं रिंगिंग (थरथर) पुष्कळदा प्रोबचंच असतं. स्प्रिंगची लांबी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर, त्यामुळे तिचा रेझोनन्स बराच वर सरकतो.

लोडिंगवर (प्रोबमुळे सर्किटवर पडणाऱ्या भारावर) मात्र स्प्रिंगचा इलाज नाही. १०एक्सवर (सिग्नल दहापट कमी करणाऱ्या सेटिंगवर) लिहिलेले १० मेगाओहम डीसीपुरते. १०० मेगाहर्ट्झला ते १२ पिकोफॅरड जेमतेम १३० ओहम भरतात. क्रिस्टलच्या पायावर टोक ठेवलं की फ्रिक्वेन्सी सरकते, कमजोर ऑसिलेटर तर बंदच पडतो. १एक्सवर कपॅसिटन्स आणखी वाढतं, तिथे विषयच नको.

९६०० बॉडचा संथ सिरियल डेटा बघायला हुक आणि क्लिपच बरी, हात मोकळे राहतात. स्प्रिंग हाताने धरून ठेवावी लागते, जवळ ग्राउंड नसेल तर टेकवायला जागाच नसते, आणि घसरली तर शेजारच्या पिनला शॉर्ट. एसएमपीएसच्या प्रायमरीला (मेन्सकडच्या बाजूला) तर साध्या प्रोबचं ग्राउंड लावूच नका, मग ती क्लिप असो वा स्प्रिंग: ते स्कोपमधून थेट मेन्सच्या अर्थला जोडलेलं असतं. तिथे डिफरन्शियल प्रोबच (दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) हवा.

सुटी स्प्रिंग घेताना प्रोबच्या टोकामागच्या धातूच्या नळीचा व्यास आधी मोजून घ्या. सगळ्या प्रोबना एकच माप बसत नाही.