भाड्याच्या फ्लॅटचा करहिशेब: राजारामपुरीतील एका सल्लागार कार्यालयाचा अनुभव

भाड्याने देण्यासाठी कोल्हापुरातल्या कदमवाडीत फ्लॅट घेतला, तेव्हा ज्याला त्याला एकच गोष्ट सांगायची होती: भाड्यातून हप्ता निघतो आणि व्याजावर कर वाचतो. यातला पहिला भाग पहिल्याच महिन्यात खोटा ठरला, कारण भाडे 12 हजार होते आणि 28 लाखांच्या कर्जाचा हप्ता त्याच्या दुप्पट. दुसरा भाग कितपत खरा आहे हे पाहण्यासाठी यंदा राजारामपुरीतील एका कर सल्लागार कार्यालयाची सेवा घेतली.

त्यांनी आधी व्याजाचा बँकेकडील दाखला आणि घरफाळ्याची पावती मागितली. वर्षाचे भाडे 1,44,000. त्यातून प्रत्यक्ष भरलेला घरफाळा 6 हजार वजा. उरलेल्या 1,38,000 वर 30 टक्के प्रमाणित वजावट, मग दुरुस्तीवर खर्च झालेला असो वा नसो. राहिले 96,600 आणि त्यासमोर 2,40,000 व्याज, म्हणजे कागदावर 1,43,400 चा तोटा. जुन्या करप्रणालीत (दर जास्त, पण वजावटी मिळतात) हा तोटा वर्षाला 2 लाखांच्या मर्यादेत पगारातून वजा होतो; नव्या करप्रणालीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) तो पगाराला लावता येत नाही.

इथपर्यंतचे कोणीही सांगितले असते. खरी किंमत वसूल झाली ती पुढच्या अर्ध्या तासात. मी तोटा वाया जाऊ नये म्हणून जुनी करप्रणाली धरून बसलो होतो. त्यांनी माझा 14 लाखांचा पगार घेऊन 2025-26 या आर्थिक वर्षाचे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडले: हा तोटा, करसवलतीची दीड लाखाची बचत आणि आरोग्य विम्याचे 25 हजार वजा करूनही जुन्यात कर सुमारे 1 लाख 27 हजार, तर यातले काहीही न घेता नव्यात सुमारे 82 हजार. ज्या वजावटीच्या भरवशावर कर्ज काढले, तीच पकडून ठेवली असती तर 45 हजार जास्त गेले असते. अर्थात हे माझ्या आकड्यांपुरते आहे. दोन घरांच्या व्याजासह मोठ्या वजावटी असणाऱ्याने स्वतःचा हिशेब मांडूनच ठरवावे. पगारदाराला ही निवड दरवर्षी बदलता येते, व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला तशी मोकळीक नाही, हेही त्यांनी न विचारता सांगितले.

कर्जाबाबतही एक उपयुक्त सूचना मिळाली. 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, 6.50 वरून 5.25 टक्क्यांवर आणला. माझे कर्ज रेपोशी जोडलेले असल्याने व्याज उतरले होते, पण बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली होती. ते माझ्या लक्षातही आले नव्हते! भाड्याच्या घरात दर महिन्याला खिशातून भर घालणाऱ्याने हप्ता कमी करायचा की मुदत, हे बँकेला स्वतः सांगावे, असे त्यांचे मत. मला ते पटले.

उणीव आढळली ती भाडेकराराच्या कामात. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा करार, नोंदवावा लागत नाही हा आपल्याकडचा जुना गैरसमज त्यांच्या मदतनीसानेही मला ऐकवला. वास्तविक महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार मुदत कितीही असली तरी नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत वाद झाल्यावर भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. एकूण भाड्यावर आणि अनामत रकमेवर गृहीत धरलेल्या व्याजावर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क पडते, महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. एवढ्यासाठी जोखीम घेण्यात अर्थ नाही. मी तो करार शेवटी दुसरीकडे ऑनलाइन नोंदवून घेतला.

विवरणपत्राची फी काम संपल्यावर कळली, ती आधी सांगायला हवी होती. तरी करहिशेबासाठी पुढच्या वर्षीही याच कार्यालयात जाईन. भाडेकरारासाठी मात्र नाही.