जुना पितळी हंडा: मोडीत द्यावा की भांडं म्हणून विकावा?

सांगलीत गणपती पेठेच्या बाजूला मोड घेऊन गेलात की हिशेब सरळ असतो: वजन गुणिले त्या दिवसाचा भाव. ठोक्याची घडण, काठावर कोरलेलं आजीचं नाव, कशालाच पैसा नाही. लोखंडी कडीचं वजन वजा होतं, म्हणून घरीच लोहचुंबक लावून बघा. अंगालाच चिकटला तर वर नुसता मुलामा आहे. पैसे मात्र लगेच हातात.

भांडं म्हणून विकताना वजन मागे पडतं, पत्रा बघतात. रात्रभर पाणी भरून हंडा कोरड्या फरशीवर ठेवा. सकाळी बुडाखाली ओल दिसली तर तो मोडीचाच. लालसर ठिपकेही नीट बघा. तिथलं जस्त निघून गेलेलं असतं, उरलेलं तांबं ठिसूळ होतं. कल्हई उडाली असेल तर घाबरू नका, ती पुन्हा होते. गिऱ्हाईक मिळायला महिना जाईल, तरी धड हंडा मी मोडीत घालणार नाही.

आणि काशाची वाटी पितळेच्या ढिगात टाकू नका. टिचकी मारा, काशाचा नाद लांबतो. त्यात जस्त नाही, कथील असतं. तिचा भाव वेगळा मागा.