स्प्रिंग सिक्युरिटी ६ : दिवाळीपासून पावसापर्यंत वापरून झाल्यावर, फक्त एक्सेप्शनबद्दल

आधीच सांगतो, हा अख्ख्या स्प्रिंग सिक्युरिटीचा (जावा अॅपमधलं लॉगिन आणि परवानग्या सांभाळणारी लायब्ररी) रिव्ह्यू नाही, लॉगिन फसल्यावर ती कुठला एक्सेप्शन (कोड चालताना फेकली जाणारी चूक) कशी हाताळते एवढ्यावरच लिहितोय, कारण आमचा सगळा जीव तिथेच गेला. मी कुडाळात बसून काम करतो, सॉफ्टवेअर मालवण, तारकर्ली, देवबाग पट्ट्यातल्या होमस्टेवाल्यांच्या बुकिंगचं. जावा 17, स्प्रिंग बूट 3, मोबाइल अॅप आणि जेडब्ल्यूटी टोकन (लॉगिन झाल्यावर मिळणारा, सही केलेला डिजिटल पास). दिवाळीच्या आधी लाइव्ह गेलं, नाताळची गर्दी बघितली, मे महिना बघितला, आता पाऊस लागलाय, वॉटर स्पोर्ट्स बंद, म्हणून लिहायला वेळ आहे.

सगळ्यात मोठी गोष्ट पहिली. सुट्टीच्या गर्दीत देवबागच्या एका काकूंचा फोन, "पासवर्ड बरोबर घातलंय, तरी चुकीचो म्हणता, काय करू?" मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. पासवर्ड कोणाचाच चुकला नव्हता. डेटाबेसची कनेक्शन संपली होती. हिकारीचा (डेटाबेसची कनेक्शन वाटून देणारी लायब्ररी) पूल डिफॉल्टने 10 कनेक्शनचा आणि कनेक्शन मिळेपर्यंत 30 सेकंद वाट बघतो, म्हणजे माणूस अर्धा मिनिट गोल फिरणारं चक्र बघणार आणि वर ऐकणार की पासवर्ड चुकला. मग तो पासवर्ड बदलायला जाणार, तेही होणार नाही, कारण तिथेही तोच डेटाबेस!

असं का होतं ते बघा. युझर लोड करताना काहीही फाटलं तर डाओऑथेंटिकेशनप्रोव्हायडर (डेटाबेसमधून युझर आणून पासवर्ड तपासणारा भाग) ते इंटर्नलऑथेंटिकेशनसर्व्हिसएक्सेप्शनमध्ये गुंडाळतो, आणि हा प्राणी ऑथेंटिकेशनएक्सेप्शनच्याच खानदानातला. आता जगातल्या बहुतेक ट्युटोरियलमध्ये काय असतं, तर वरचा ऑथेंटिकेशनएक्सेप्शन पकडा आणि 401 (म्हणजे ओळख पटली नाही) द्या. झालं, सर्व्हर आपला पडला आणि दोष काकूंवर. आम्हाला आयता मिळालेला कोडही तसाच होता. आता सर्व्हिसवाल्या एक्सेप्शनचा हँडलर वेगळा आहे, तो 503 (सेवा सध्या उपलब्ध नाही) देतो, सोबत किती वेळाने परत प्रयत्न करायचा ते सांगणारा रिट्राय-आफ्टर हेडर, आणि अॅपमध्ये मेसेज "आमच्याकडे अडचण आहे, पासवर्ड बदलू नका". खातं लॉक करणारा काउंटर फक्त बॅडक्रेडेन्शियल्सच्या (नाव किंवा पासवर्ड चुकीचा) इव्हेंटवर वाढतो, बाकी कशावर नाही. एवढ्या एका बदलाने फोन जवळपास बंद झाले, माझ्या मते हे कुठल्याही प्रोजेक्टमध्ये पहिल्या दिवशी करावं.

दुसरं दुखणं 401 आणि 403 चं. फॉर्म लॉगिन नाही, बेसिक ऑथेंटिकेशन नाही, नुसता स्वतःचा टोकन फिल्टर (रिक्वेस्ट आत जायच्या आधी टोकन तपासणारा कोड) लावलेला असेल तर टोकन नसलेल्याला स्प्रिंग सिक्युरिटी डिफॉल्टने 403 देते. अॅप म्हणतं 403 म्हणजे परवानगी नाही, मग टोकन रिफ्रेश कशाला करू, आणि माणूस अडकून बसतो. आमच्याकडे पावसात लाइट गेली की टॉवरही जातो, रेंज येईपर्यंत टोकन एक्सपायर, त्यामुळे हे रोजचंच. एचटीटीपीस्टेटसएंट्रीपॉइंट (एंट्रीपॉइंट म्हणजे लॉगिन नसलेल्याला काय उत्तर द्यायचं ते ठरवणारा भाग) 401 देऊन लावला, एका ओळीचं काम.

आता फिल्टर. लोकांना वाटतं कंट्रोलरअॅडव्हाइस (एक्सेप्शन एकाच जागी हाताळणारा क्लास) लिहिला की सगळे एक्सेप्शन तिथे येणार. नाही येत. सिक्युरिटीचे फिल्टर डिस्पॅचरसर्व्हलेटच्या (रिक्वेस्ट आपल्या कोडपर्यंत पोचवणारा भाग) आधी चालतात, तिथे फेकलेलं अॅडव्हाइसला दिसतच नाही. बरं, सिक्युरिटीचे एक्सेप्शन 401, 403 मध्ये बदलणारा एक्सेप्शनट्रान्सलेशनफिल्टर आहे ना, तर तो फक्त त्याच्या पुढच्या फिल्टरमधलं पकडतो आणि आपला जेडब्ल्यूटी फिल्टर सगळे जण त्याच्या आधी टाकतात. मग एक्सेप्शन थेट टॉमकॅटकडे (अॅप चालवणारा वेब सर्व्हर), तिथून एरर पानाकडे फॉरवर्ड, आणि सहाव्या व्हर्जनपासून त्या फॉरवर्डलाही सिक्युरिटी लागते, म्हणजे एररचा पाथ मोकळा सोडला नसेल तर खरा 500 (सर्व्हरमधली चूक) गायब आणि हातात रिकामा 401 किंवा 403. साधी यूआरएल चुकीची टाइप केली तरी 404 (पान सापडलं नाही) च्या जागी तेच. हे शोधायला ट्रेस लॉग (सगळ्यात बारीक नोंदी) लावल्याशिवाय गत्यंतर नाही.

शेवटी आम्ही घरचा फिल्टर काढून स्प्रिंग सिक्युरिटीचाच तयार, टोकन तपासणारा रिसोर्स सर्व्हरवाला फिल्टर घेतला. तो टोकन खराब असेल तर एंट्रीपॉइंटकडे जातो, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट हेडर (टोकन का नाकारलं ते अॅपला सांगणारा) नीट भरतो, आणि सर्व्हिसची अडचण असेल तर 401 न देता एक्सेप्शन पुढे फेकतो, म्हणजे काकूंचा मुद्दा बनवणाऱ्यांनाही पटलेला दिसतोय. सगळ्या एररचा जेसन (उत्तराचा मजकूर) एकाच साच्यात हवा असेल तर एंट्रीपॉइंटमधून हँडलरएक्सेप्शनरिझॉल्व्हरला (एक्सेप्शन अॅडव्हाइसकडे पोचवणारा भाग) बोलवा, फक्त त्याच नावाचं क्वालिफायर (कुठला हवा ते सांगणारी खूण) द्या, नाहीतर त्या प्रकारचे दोन बीन (स्प्रिंगने तयार केलेले ऑब्जेक्ट) सापडले म्हणून बूट सुरूच होत नाही. आणि मग तो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट हेडर हाताने घालावा लागतो, ते विसरू नका.

उलट्या बाजूचीही एक गंमत, अॅडव्हाइसमध्ये कोणीतरी "सगळंच पकडतो" म्हणून मूळ एक्सेप्शन क्लासचा हँडलर लिहितो आणि प्रीऑथोराइझने (मेथडवर परवानगी तपासणारी खूण) नाकारलेली रिक्वेस्ट 403 ऐवजी 500 होऊन बाहेर पडते. अॅक्सेसडिनाइड (परवानगी नाकारल्याचा एक्सेप्शन) तिथून परत फेका किंवा वेगळा हँडल करा.

आवडलेलं म्हणाल तर डिफॉल्ट सावधपणा. युझर सापडला नाही हे स्प्रिंग सिक्युरिटी बाहेर सांगत नाही, बॅडक्रेडेन्शियल्सच देते, वर खोटा पासवर्ड तपासून वेळही सारखाच लावते म्हणजे उत्तर किती लवकर आलं यावरून कोणाचं खातं आहे ते ओळखता येऊ नये. पण खातं लॉक आहे की नाही हे आमच्या व्हर्जनमध्ये पासवर्डच्या आधी तपासलं जातं, त्यामुळे "तुमचं खातं लॉक आहे" असं सरळ दाखवलं की ते खातं अस्तित्वात आहे हे परक्याला कळतंच. आम्ही स्क्रीनवर नेहमीचाच मेसेज ठेवलाय आणि लॉक झाल्याचा एसएमएस मालकाच्या नंबरवर पाठवतो. रेंज असली की पोचतो.